बिनकागदी फटफटी आणि घेणाराची नीति

कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांचा पूर्वेतिहास त्यांच्यापासून वेगळा करतां येत नाहीं. धान्य किंवा कापड घेतांना तें पूर्वीं कोणाचें होतें हें कोणी विचारीत नाहीं. पण घर, जमीन किंवा मोटारगाडी घेतांना तेंच पहिल्यानें विचारावें लागतें. परदेशांतून आलेली, वापरलेली व कागदपत्रें नसलेली मोटारसायकल स्वस्तांत मिळत असेल तर ती घ्यावी काय, या प्रश्नाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तरुण मुलगा अशा गाडीसाठीं हट्ट धरतो आणि वडील "किंमत बरी आहे" एवढ्यावर मान डोलावतात, तेव्हां त्या घरांत नीतीचा एक निर्णय होऊन जातो. मात्र तो झाला हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

परदेशी फटफटीची ओढ आपल्याकडे जुनी आहे. 1945 सालीं दुसरें महायुद्ध संपल्यावर बी. एस. ए., नॉर्टन, मॅचलेस अशा लष्करी गाड्या 'डिस्पोजल'चा माल म्हणून विकल्या गेल्या, व त्यांतल्या कांहीं आजही शोकिनांनीं जपून ठेवल्या आहेत. हल्लीं हौस जपानी किंवा युरोपीय मोठ्या गाड्यांची आहे. अशी गाडी रीतसर आली असेल, तर सीमाशुल्क भरल्याची नोंद दाखविणारें 'बिल ऑफ एंट्री' तिच्याबरोबर असतें. त्याच्या आधारें आर. टी. ओ. कचेरींत तिची नोंदणी होते, आणि तिचे इंजिन व चेसिस यांवर कोरलेले क्रमांक नोंदपुस्तकांत उतरतात. उलट, गाडी सुटी करून सुट्या भागांच्या नांवाखालीं बंदरांतून आणावी व येथें जोडून तिला भलत्याच गाडीचा क्रमांक लावावा, असेही प्रकार उघडकीस आलेले आहेत. तेव्हां "कागद मागाहून करून देऊं" या विक्रेत्याच्या गोड आश्वासनांत काय काय दडलेलें असूं शकतें, हें सांगावयास नकोच.

आपल्या धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न नवा नव्हता. जो मालक नाहीं त्यानें केलेल्या विक्रीस 'अस्वामिविक्रय' अशी संज्ञा असून, मनूनें गणलेल्या अठरा व्यवहारपदांत तिला स्थान आहे. याज्ञवल्क्य तर याहून सूक्ष्म विचार करतो. ज्याच्याजवळ ती वस्तु असण्याचा संभव नाहीं अशा हीन स्थितींतल्या माणसाकडून, एकांतांत, फारच थोड्या किंमतीस, किंवा अवेळीं जो खरेदी करतो, त्याला तो चोराच्याच पंक्तीस बसवितो. आणि विकणाराला पुढें उभा करील त्या घेणाराला दोषमुक्त मानतो. यांत मर्म असें आहे कीं, घेणाराचा निरपराधीपणा त्याच्या अंतःकरणांत शोधलेला नाहीं, तर व्यवहाराच्या उघडेपणांत शोधलेला आहे. आजचा कायदाही फारसा निराळें सांगत नाहीं. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणें, कांहीं अपवाद सोडले तर, विकणाराजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाराला मिळत नाहीं; आणि 2023 च्या भारतीय न्याय संहितेंत चोरीचा माल अप्रामाणिकपणें घेणाराविषयीं जें कलम आहे, त्यांत तो माल चोरीचा असल्याचें 'माहीत असणें' याच्या जोडीला तसें 'मानण्यास कारण असणें' हेंही घातलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल, "आम्हीं चोरी केली नाहीं, रोख पैसे मोजले आहेत." पैसे मोजले हें खरें, पण कमी कां मोजावे लागले? गाडी तीच, इंजिन तेंच, वेग तोच; मग किंमत निम्मी कशी झाली? आमच्या मतें, जी रक्कम वजा झाली ती गाडीच्या दोषाची नसून आपल्या मौनाची किंमत आहे. आपण कांहीं विचारूं नये म्हणून विकणारानें ती आपल्यालाच देऊं केली, आणि आपण ती मुकाट्यानें घेतली. अज्ञान हें निर्दोष असूं शकतें; पण मोबदला घेऊन पत्करलेलें अज्ञान निर्दोष कसें म्हणावें?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. कागद नसले म्हणजे माणूस लबाडच, असें नाहीं. पुरांत घरें बुडतात, वाळवी पेट्या पोखरते, मालक वारतो व विधवेला कागद कोठें ठेवले तें ठाऊक नसतें. अशा माणसाकडे संशयानें पाहणें हा अन्यायच होय. परंतु हरवलेला कागद आणि कधींच नसलेला कागद यांत भेद आहे. हरवलेल्याची मूळ नोंद कचेरींत शिल्लक असते. तिच्यावरून दुसरी प्रत मिळते, वारसाच्या नांवावर गाडी चढविण्याचीही सोय आहे. म्हणून विकणारापुढें एकच साधी कसोटी ठेवावी: आपल्याबरोबर कचेरींत येण्यास तो तयार आहे काय? प्रामाणिक माणूस त्रासाबद्दल कुरकुरेल, पण येईल. जो येत नाहीं, त्यानें आपलें उत्तर दिलेलेंच आहे.

"आयातीचे कर जाचक आहेत, ते चुकविले तर बिघडलें कोठें?" असेंही कित्येकांस वाटतें. कर जाचक असतील तर त्यांविरुद्ध उघड बोलावें, लिहावें, भांडावें. जो नियम अन्याय्य वाटतो तो उघडपणें मोडून त्याचें फळ भोगणारा मनुष्य आदरास पात्र होतो. चोरून मोडणाराला केवळ सूट हवी असते, न्याय नव्हे.

शेवटीं, या व्यवहारांत एक तिसरा मनुष्य आहे, आणि त्याचा विचार दोघेही करीत नाहींत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें रस्त्यावरील प्रत्येक गाडीस परक्याच्या इजेचा विमा सक्तीचा केला आहे. ज्या गाडीची नोंदच नाहीं किंवा खोटी आहे, तिच्या विम्याचा काय भरंवसा? अशा गाडीची धडक बसून एखाद्या घरचा मिळवता माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याच्या मुलांनीं भरपाई कोणाजवळ मागावी? स्वस्तांत मिळालेल्या गाडीची उरलेली किंमत मग तें घर भरतें. कागद हा सरकारासाठीं किंवा शिपायाला दाखविण्यासाठीं असतो, ही समजूत चुकीची आहे. ज्याची वस्तु गेली तो मूळ मालक, आणि ज्याला आपल्याकडून इजा होण्याचा संभव आहे तो अनोळखी वाटसरू, या दोघांशीं समाजानें केलेला तो करार आहे. ते दोघे सौद्याच्या वेळीं हजर नसतात. म्हणूनच त्यांच्या वतीनें प्रश्न विचारण्याचें काम घेणाराकडे येतें.