एक तारीख, तीन आठवणी

आज २४ एप्रिल. पिंपळे गुरवात निळू फुले रंगमंदिराच्या बाजूने सकाळी चालायला निघणाऱ्यांनी आज मास्टर दीनानाथ मंगेशकरांची आठवण जरूर काढावी. १९४२ साली याच दिवशी, इथून जवळच पुण्यात, ते गेले. वय अवघं एकेचाळीस. बळवंत संगीत मंडळीच्या नाटकांतून ज्यांनी रंगभूमी गाजवली, त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. मागे पत्नी आणि पाच मुलं. धाकटा हृदयनाथ जेमतेम साडेचार वर्षांचा आणि थोरली लता तेरा वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’ चित्रपटात उभी राहिली. त्या पोरीला धड रडायला तरी सवड मिळाली असेल का?

१९७३ साली याच तारखेला मुंबईत कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांच्या घरी मुलगा जन्मला. सचिन देव बर्मन यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं सचिन. १९९८ मध्ये शारजाच्या अंतिम सामन्यात, पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने ऑस्ट्रेलियाला १३४ धावांचा तडाखा दिला.

तिसरी आठवण मला तितकीच मोलाची वाटते. १९९३ साली आजच ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामपंचायतीच्या किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या हक्काच्या झाल्या. पुढे महाराष्ट्राने तो वाटा निम्म्यावर नेला. आपल्या चाकणच्या पट्ट्यातल्या गावांतही आज बायका सरपंचाच्या खुर्चीवर बसतात.