सिगारेट ओढणारी मुलगी आणि मशेरी लावणारी आई

पुण्यातल्या एखाद्या टपरीशेजारी सिगारेट ओढणाऱ्या मुलींची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की पुढचा युक्तिवाद ठरलेला असतो. मुली लातूर-नांदेडहून शिकायला येतात, वसतिगृहात राहतात, नोकरी धरतात आणि शहर त्यांना बिघडवते. घर सुटले, धाक सुटला, सिगारेट आली. हे मत पारावर बसणाऱ्यांपुरते नाही. विद्यापीठांतही त्याची सभ्य आवृत्ती चालते: स्थलांतरित माणूस जिथे जातो तिथले वळण उचलतो, म्हणून जिथल्या बायका ओढतात तिथे गेलेली बाईही ओढू लागते.

या मताला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या आशियाई लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2008 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी जीवनात मुरलेली आशियाई स्त्री धूम्रपान करत असण्याची शक्यता परंपरेला धरून राहिलेल्या स्त्रीच्या तुलनेत सुमारे पाचपट निघाली. त्याच आढाव्यात पुरुषांचे चित्र नेमके उलटे आहे. मुरलेल्या पुरुषांत ही शक्यता जवळपास निम्म्यावर आली. स्थलांतराने बाया बिघडतात असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी त्याच स्थलांतराने पुरुष सुधारतात हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही, कारण पुरुषाच्या सिगारेटची कुणी नैतिक परीक्षा घेतच नाही.

आता त्या पाचपटीकडे जरा रोखून पाहायला हवे. हे आकडे बहुतेक वेळा प्रश्नावलीतून येतात, म्हणजे बाई स्वतःबद्दल जे सांगते त्यावर उभे असतात. ती खरे सांगते का? दक्षिण कोरियात याची पडताळणी झालेली आहे. तिथल्या 2008 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 5.9 टक्के स्त्रियांनी आपण ओढतो असे सांगितले. निकोटिनचे शरीरात कोटिनीन होते आणि ते लघवीत उतरते. त्याच स्त्रियांची लघवी तपासली तेव्हा प्रमाण 13.9 टक्के निघाले. म्हणजे ओढणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांनी ‘नाही’ म्हटले होते. पुरुषांच्या सांगण्यात आणि तपासणीत एवढी मोठी तफावत नव्हती. कोरियात ओढणारा पुरुष हा नुसता पुरुष असतो, ओढणारी बाई मात्र कुणाची तरी सून, कुणाची तरी मुलगी असते आणि तिची सिगारेट घराची अब्रू घालवते.

हीच बाई लॉस एंजेलिसला गेली, सासर-माहेर हजारो मैल मागे राहिले आणि तिथे कुणी परक्याने तिला तोच प्रश्न विचारला, तर ती कदाचित ‘हो’ म्हणेल. सिगारेट तीच, उत्तर वेगळे. त्या पाचपटीतला काही भाग धुराचा नसून बोलण्याच्या मोकळीकीचा आहे, असे मानायला इथे जागा आहे. स्थलांतर बाईच्या हातात काय देते हा पुढचा प्रश्न झाला. आधी ते तिच्याभोवतीच्या नजरा बदलते.

पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. जर्मनीतल्या तुर्की कुटुंबांकडे पाहिले की हे स्पष्टीकरण तोकडे पडते. तिथे वास्तव्याची वर्षे वाढतात तसे तुर्की स्त्रियांतले धूम्रपान वाढते आणि पुरुषांतले घटते. जर्मनीत जन्मलेल्या मुली आईबापांच्या आणि नातलगांच्या नजरेखालीच वाढल्या, तरी त्यांच्यात सिगारेट आईच्या पिढीपेक्षा जास्त दिसते. ही वाढ केवळ बोलण्यातली नाही, हे मान्य करावे लागते.

या वाढीचे श्रेय स्वातंत्र्याला देणाऱ्यांनी 1929 चा ईस्टर आठवावा. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तरुण स्त्रिया उघडपणे सिगारेट ओढत चालल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून मिरवले. तो देखावा एडवर्ड बर्नेज या जाहिराततज्ज्ञाने अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी जुळवून आणला होता. घराबाहेर पडलेली, पहिला पगार हातात आलेली मुलगी हे गिऱ्हाईक कंपन्यांनी तेव्हापासून ओळखले आहे. तिला पुरुषाइतकाच ओढण्याचा हक्क आहे, यात शंका नाही. मात्र त्या हक्काचा प्रचार तंबाखूवाल्यांच्या पैशाने झाला, हेही तिला कळले पाहिजे.

भारतात तर ‘शहर बिघडवते’ या सिद्धांताचा पायाच ठिसूळ आहे. तंबाखूविषयीच्या राष्ट्रीय पाहणीत 2009-10 साली 2.9 टक्के प्रौढ स्त्रिया धूम्रपान करत होत्या. 2016-17 मध्ये 2 टक्के. याच वर्षांत मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरांत लोटत होत्या. हेही घरोघरी जाऊन विचारलेले आकडे आहेत, त्यामुळे कोरियाचा धडा इथेही विसरता येत नाही. पण आपल्याकडे ओढणारी बाई शहरात प्रथम जन्मली असे ज्यांना वाटते, त्यांनी गाव पाहिलेले नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर श्रीकाकुलम, विशाखापट्टणमकडच्या कष्टकरी बायका चुट्टा नावाच्या गावठी चिरूटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढत आल्या. मिझोराममध्ये 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे दिसले. तिथून पुण्या-बंगळुरूला येणारी मुलगी मोकळ्या गावातून कडक नजरेच्या शहरात येते. तिच्या बाबतीत स्थलांतराचा बाण उलटा फिरतो, आणि घरमालक मात्र तिच्याकडे बिघडलेली म्हणूनच पाहतो.

महाराष्ट्राचा खरा पुरावा मुंबईत आहे. 1992 ते 1994 या काळात मुंबईतल्या पस्तीस वर्षांवरच्या 99,598 माणसांची पाहणी झाली. बहुतेक वस्ती निम्न आणि मध्यम उत्पन्नाची होती. तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया 57.5 टक्के निघाल्या. धूम्रपान करणाऱ्या अर्धा टक्कासुद्धा नव्हत्या. बाकी सारी मशेरी आणि पानातला, चघळायचा तंबाखू. कोकणातून, घाटावरून चाळीत आलेल्या बायकांनी तवा आणला तशी तव्यावर तंबाखू भाजायची रीतही आणली. पहाटे दात घासायला लावलेली मशेरी दुपारी लागते, रात्री लागते. तिला कुणी व्यसन म्हणत नव्हते, म्हणून ती लपवावी लागली नाही. शहराने ती दिली नाही आणि पुष्कळ काळ हिरावलीही नाही. मुलींनी शाळा-कॉलेज पाहिले, टूथपेस्ट आली, मशेरी ‘गावठी’ ठरली, तेव्हा ती उतरणीला लागली. म्हणजे शहराच्या लाजेने एक तंबाखू सुटायला मदत झाली आणि शहराच्या मोकळीकीने काही जणींच्या हाती दुसरा आला. एकाच घरातल्या आई आणि मुलीची ही गोष्ट असू शकते.

या दोघींतली मुलगी तेवढी चित्रफितीत दिसते. आईची मशेरी दिसत नाही, पण तिचा हिशेब मांडलेला आहे. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी 105 ग्रॅमनी कमी भरले. तपासणीला आलेल्या अशा बाईला कुणी फक्त ‘धूम्रपान करता का’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल आणि ते उत्तर खरे असेल. तिला मशेरीचे नाव घेऊन विचारले पाहिजे, सासू बाहेर बाकावर बसलेली असताना. वसतिगृहातल्या मुलीला तंबाखू सोडण्यासाठीच्या 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकाची माहिती रेक्टरच्या हातून न जाता मिळाली पाहिजे, आणि तिने तो फिरवला हे घरी कळवले जाणार नाही, याची खात्रीही.