छाटणीचा अधिकार

परभणीच्या काळ्या मातीत आईने लावलेला मोगरा माजला होता. पाने दाट, फुले मोजकी. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटव्यावर. म्हणून डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, जानेवारीत जून फांद्या धारदार कात्रीने छाटाव्यात, मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. हे ठाऊक असूनही आईच्या आठवणीने माझा हात अडे. परंतु जपणूक म्हणजे आहे तसेच राहू देणे काय? आणि रागाच्या भरात घातलेल्या घावाला तरी छाटणी कसे म्हणावे? ज्याला पुढे उन्हाळाभर पाणी घालायचे आहे, त्यालाच कात्री धरण्याचा अधिकार. मुलांना कठोर शब्द बोलण्यापूर्वी आपणही स्वतःला विचारावे: पाण्याची तयारी आहे ना?