आहार्य आणि प्रेक्षकाची संमती

भरताने सांगितलेल्या चार अभिनयप्रकारांपैकी आहार्याचा, म्हणजे वेष आणि रंगभूषा यांचा, विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. संगीत नाटकाचा चित्रपट होतो तेव्हा मात्र प्रेक्षकाचा पहिला कौल आहार्यावरच पडतो. पात्र गाऊ लागण्याआधीच ‘हा तो नव्हे’ असे तो म्हणून जातो. या उद्गाराची बोळवण सामान्यतः स्मरणरंजन म्हणून केली जाते. पण त्यात एक नैतिक दावाही असतो. पात्राचे रूप कोणाच्या मालकीचे, आणि ते बदलताना कोणाची संमती घ्यावी लागते, हा तो प्रश्न होय.

रंगभूमीवरील रूप नट एकटा घडवीत नाही. नट खूण करतो आणि उरलेले प्रेक्षक पुरवितो. १९८१ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कॅट्स’मधील नटांच्या अंगावर घट्ट वेष आणि चेहऱ्यावर रंग होता, मांजरपण प्रेक्षकाने दिले होते. २०१९ च्या चित्रपटाने संगणकाच्या साहाय्याने त्याच देहांवर खरी भासणारी लव चढविली आणि प्रेक्षकाच्या वाट्याचे काम स्वतःच उरकले. त्याच्या पहिल्या झलकीचीच जगभर टवाळी झाली. प्रदर्शनानंतर निर्मात्यांना दुरुस्त केलेली प्रत चित्रपटगृहांकडे धाडावी लागली. भरताच्या परिभाषेत सांगायचे तर नाट्यधर्मी रूपाला लोकधर्मी पुरावा जोडला गेला आणि दोन्ही धर्म बुडाले.

मराठीत हा पेच फार आधी, आणि अधिक करुण रीतीने, उभा राहिला होता. बालगंधर्वांची भामिनी (१९११) आणि सिंधू (१९१९) ही मराठी समाजाच्या कल्पनेतील स्त्रीत्वाची रूपे होती. नट पुरुष आहे हे ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, प्रेक्षक आपली संमती देत होता. पुढे १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. १९३७ साली ‘अमृतसिद्धी’ या नाटकावरून बाबूराव पेंटर यांनी ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट केला. त्यात बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात, मीरेच्या रूपात, उभे राहिले. चित्रपट चालला नाही.

या अपयशाचे खापर सहसा पन्नाशीला टेकलेल्या देहावर फोडले जाते. ते अपुरे आहे. वय रंगमंचावरही लपलेले नव्हते. तेथे अंतर, प्रकाश आणि स्वर यांनी ते पोटात घातले होते. शिवाय दरम्यान संकेतच बदलला होता. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे दिसल्या होत्या, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, आणि १९३७ सालीच ‘कुंकू’तील शांता आपट्यांची नीरा पडद्यावर आली. कॅमेऱ्यासमोर स्त्री उभी राहू शकते हे पाहिलेल्या प्रेक्षकाकडे चित्रपट जुनीच संमती मागत होता. ती नाकारण्याचा त्याला अधिकार होता. मात्र नकाराचे कारण नटाच्या देहावर लादणे, ज्या रूपात आपलाही वाटा होता त्याची सारी लाज एकट्या कलावंताच्या पदरी घालणे, ही कृतघ्नता होती. संमती काढून घेता येते. ती कधी दिलीच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही.

याच रूपाला २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात पुन्हा दाद मिळाली. विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. सुबोध भावे यांचे स्त्रीरूप केवळ अधिक सफाईदार होते म्हणून ते स्वीकारले गेले असे नाही. तेथे पुरुषाचे स्त्री होणे हाच कथाविषय होता. संकेत लपविलेला नव्हता, दाखविलेला होता. प्रेक्षकाशी नवा करार उघडपणे झाला होता.

‘कट्यार काळजात घुसली’च्या बाबतीत करार इतका उघड नव्हता. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ च्या नाटकात खाँसाहेबांचे रूप म्हणजे गाणारे वसंतराव देशपांडे. ताठा, असूया आणि विद्येवरचे प्रेम ही सारी एकाच गळ्यातून येत असल्याने त्यांचा निवाडा करणे प्रेक्षकाला कठीण जाई. २०१५ च्या चित्रपटात हे रूप दुभंगले. चेहरा सचिन पिळगांवकरांचा, गाणे राहुल देशपांड्यांचे. पंडितजींच्या भूमिकेतील शंकर महादेवन मात्र स्वतःच्याच गळ्याने गातात. त्यामुळे एकाचे सूर त्याच्या देहातून उमटतात आणि दुसऱ्याच्या देहाकडे मुख्यतः सुरम्याने रेखलेले डोळे, त्यांतील द्वेष आणि समीपदृश्य एवढेच उरते.

चित्रपटाचे स्वागत उत्साहाने झाले. तरी पार्ले, बोरिवली, मुलुंड येथील नाट्यगृहांत संगीत नाटकांचे पुनरुज्जीवित प्रयोग पाहत आलेल्या रसिकाला खाँसाहेब खलपुरुषाकडे झुकल्याचे जाणवले, तर ती कुरकुर क्षुल्लक नाही. मुसलमान उस्तादाचा वेष जेव्हा त्याच्या मत्सराची खूण होऊ लागतो, तेव्हा आहार्य निरागस राहत नाही. ज्या रूपामुळे प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याच्या विद्येपुढे नमत होता, त्याच रूपाकडे त्याला संशयाने पाहायला शिकविले जाते. दिग्दर्शकाचा हेतू तसा नसेलही. पण रूप हेतूपेक्षा मोठ्याने बोलते.

यावरून रूपांतरकाराने मूळ वेष जसाच्या तसा जपावा असा निष्कर्ष निघत नाही. तसे करण्याचे फळ ‘साध्वी मीराबाई’ने भोगले. त्याच्यावर दोनच बंधने येतात. प्रेक्षकाच्या कल्पनेचा वाटा हिरावताना त्याबदल्यात काही द्यावे, आणि नव्या रूपाने पात्राला मुळापेक्षा कमी माणूस करू नये. प्रेक्षकावरही एक बंधन आहे. ‘हा तो नव्हे’ म्हणताना ‘तो’ घडविण्यात आपला हात किती होता, याचा हिशेब त्याने आधी मांडला पाहिजे. तो मांडला तर त्याचा नकार निव्वळ तक्रार राहणार नाही; त्याला समीक्षेचे मोल येईल.