डोंगरउतारावरील घर आणि आपले कर्तव्य

घर बांधावे ही गृहस्थाश्रमी माणसाची स्वाभाविक इच्छा होय. त्यात दोष पाहण्याचे कारण नाही. परंतु घर कोठे बांधावे, हा प्रश्न केवळ पैशाचा व सोयीचा आहे की त्यात धर्माधर्माचाही काही विचार आहे, याची चर्चा आपल्यांत क्वचितच होते. गतवर्षी हा प्रश्न आमच्याच उंबरठ्याशी येऊन उभा राहिला. म्हणून त्यासंबंधी चार शब्द सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे वडगावातील जुने घर मातीच्या भिंतींचे. २०१९ च्या ऑगस्टातील पावसात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात पसरले, तेव्हा आमच्या घराची मागील भिंत ओलीने खचली. तेव्हापासून आमच्या तीर्थरूपांनी उंचावरील जागेचा ध्यास घेतला होता. चंदगड तालुक्याच्या बाजूस डोंगराच्या उतारावर दहा गुंठे जमीन स्वस्तात मिळत होती. समोर हिरवे खोरे आणि वाऱ्याची झुळूक. मातोश्रींना जागा पाहताक्षणी आवडली. विसार देण्याचा दिवसही ठरत आला होता.

त्यापूर्वी ओळखीच्या एका गवंड्यास बरोबर घेऊन आम्ही पुन्हा तेथे गेलो. त्याने पाणसळ लावून पाहिले. वीस फूट आडव्या अंतरात जमीन आठ फूट चढत होती. तीस फूट रुंदीचे सपाट जोते केवळ डोंगर कापून काढावयाचे, तर मागे बारा फूट उंचीचा उभा कडा राहणार. त्यास दगडी संरक्षक भिंत हवी, भिंतीतून पाणी निघण्यास भोके हवीत, वरचे पाणी वळविण्यास चर हवा. हा खर्च जवळजवळ घराच्या खर्चाइतका होईल, असे त्याने सांगितले. स्वस्त जमीन स्वस्त का असते, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

परंतु केवळ खर्चाची गोष्ट असती, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. त्या जागेच्या खालच्या अंगास तीन घरे व भाताची खाचरे आहेत. आम्ही मापे घेत असता तेथील एक वृद्ध बाई वर आल्या आणि म्हणाल्या, "वर तुम्ही माती हलवलासा, तर पाणी आमच्या दारातच येतंय न्हवं?" त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण त्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते.

डोंगर का खचतो, याची कारणे आता अज्ञात राहिलेली नाहीत. आपल्या भागात वर जांभा असतो व त्याखाली बहुधा मऊ चिकण मातीचा थर असतो. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून त्या थराशी साठते. माती जड होते, आणि तिच्या कणांतील पाण्याचा दाब वाढून तिची पकड सुटते. झाडांची मुळे तिला धरून ठेवतात. पायथ्याची माती तिला टेकू देते. आपण झाडे तोडतो आणि जोत्यासाठी पायथाच कापतो, म्हणजे दोन्ही आधार एकदम काढून घेतो. कापलेली सैल माती उताराच्या कडेस ढकलून देतो, तो आणखी एक धोका.

याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली. एस.टी.च्या चालकास नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगास वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ८० हून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. पुढे ३० जुलै २०२४ रोजी, माळीणच्याच तारखेस, केरळातील वायनाड जिल्ह्यात २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सह्याद्रीच्या नाजूक प्रदेशात जपून पाऊल टाकावे, असे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ सालीच सांगितले होते.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. इर्शाळवाडीचे ठाकर बांधव पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत होते. दुसरीकडे जमीन घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांस दोष देणे हे पाप होईल. आम्ही मात्र निवड करणार होतो. ज्यास निवड आहे, त्यावरच जबाबदारी येते.

कोणी म्हणेल, आपले देव आणि गडकोट डोंगरांवरच आहेत ना? आहेत, परंतु पन्हाळ्याची वस्ती गडाच्या सपाट माथ्यावर आहे, आणि आपला राजहंसगडही टेकडीच्या माथ्यावरच बांधलेला आहे. जुन्यांनी डोंगराची आधी ओळख करून घेतली. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही १:५ वा त्याहून तीव्र उतारावर डोंगर कापण्यास व बांधकामास मनाई आहे. म्हणजे वीस फुटांत चार फूट चढ ही सीमा. आमच्या जागेचा चढ त्याच्या दुप्पट होता. "ते सगळे होऊन जाते," असे विकणाऱ्याने सांगितले. असे होऊन जाते, हीच खरी भीती!

दुसरा युक्तिवाद असा की, आम्ही न घेतल्यास दुसरा कोणी घेईलच. घेईल कदाचित. परंतु दुसऱ्याच्या हातून होणारे कर्म आपल्या कर्मास निर्दोष करीत नाही. तिसरा युक्तिवाद दैवाचा. नशिबी असेल ते टळत नाही, असे आपण म्हणतो. पण दैवाचे नाव घेण्याचा अधिकार आपला प्रयत्न सरल्यावर प्राप्त होतो, त्याआधी नव्हे. शिवाय येथे पणास लागणार होते ते खालच्या तीन घरांचे दैव, आणि त्यांस कोणी विचारलेही नव्हते. उताऱ्यावर जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात; पाणी त्या वाचीत नाही.

सकाळी पाऊल टाकण्यापूर्वी भूमीची क्षमा मागण्याचा आपला प्रघात आहे. नुसत्या पदस्पर्शाबद्दल जी क्षमा मागावयाची, ती बारा फूट कडा कापल्याबद्दल कशी मागावी? तीर्थरूपांनी हा प्रश्न स्वतःस विचारला आणि विसार दिला नाही. मातोश्रींना वाईट वाटले, ते अद्याप पुरते गेलेले नाही. खचलेली भिंत आम्ही दगडी पायावर पुन्हा उभारली आणि जोते दोन फूट वाढविले. पावसाळ्यात मन अजूनही नाल्याकडे लागते, हे कबूल केले पाहिजे. पण तो धोका आमचा आहे. तो आम्ही दुसऱ्याच्या छपरावर ढकललेला नाही.

या प्रसंगातून पौरोहित्याच्या घरासही एक धडा मिळाला. भूमिपूजनाचा मुहूर्त विचारावयास कोणी आले, म्हणजे तीर्थरूप आता पंचांग उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारतात. जमिनीस उतार किती? वरचे पाणी कोठे जाईल? खाली कोण राहते? एका यजमानास हे रुचले नाही, व ते अन्यत्र गेले. दक्षिणा गेली, याची खंत नाही. परंतु आपण नकार दिल्याने तेथील डोंगर वाचला नाही, ही रुखरुख आहे.

म्हणूनच हा विचार एका घरापुरता न राहता सर्व सभासद कुटुंबांचा व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे. जागा पाहावयास जाल, तेव्हा भर पावसात जा. तिरकी झालेली झाडे, जमिनीतील भेगा, गढूळ झालेले झरे पाहा. समोरचे खोरे पाहून झाले की एकदा खाली वाकून पाहा. तेथे कोणाचा दिवा लागत असेल, तर तो आपल्या घराचाच भाग आहे असे समजून निर्णय करावा.