औषध घेऊन उपास

आधी नीट बसा. खुर्चीत, पलंगाच्या कडेला, चर्चच्या मागच्या बाकावर, जिथे पाठीला टेकू मिळेल तिथे. गुडघे दुखत असतील तर गुडघे टेकू नका. हे मनन सावकाश वाचायचं आहे. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा, उरलेलं उद्या वाचा.

रोजच्या गोळ्या घेत असाल तर त्या समोर ठेवा. ते चंदेरी पान हातात घ्या. मेडिकलवाल्याने कात्रीने कापल्यामुळे एक कड तिरकी झालेली असेल. औषधाचं अर्धं नाव त्या कापात गेलं असेल. काही घरं फोडलेली, काही भरलेली. मागे मुदतीची तारीख. हे बघताना मनात काय येतं? कंटाळा, शरम, कृतज्ञता, भीती? जे येईल त्याला लगेच नाव ठेवू नका. ते देवासमोर तसंच असू द्या.

राख

उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वर्षभर घराघरांत सुकतात, मग त्या जाळतात आणि ती राख आपल्या कपाळावर येते. आपण मातीचे आहोत, याची आठवण म्हणून. तरुण असो, म्हातारा असो, धर्मगुरू असो, कुणाचंही कपाळ यातून सुटत नाही. मातीच्या देहाला औषध लागावं यात नवल काहीच नाही.

तरीही नेमक्या याच दिवसांत एक प्रश्न डोकं वर काढतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपास-प्रार्थनेच्या दिवसांतही तो येतो. कधी बाहेरून येतो: "इतकी प्रार्थना करतेस, मग झोपेची गोळी कशाला?" कधी आतून येतो: अन्न सोडता येतं, तर गोळी का सुटत नाही? माझा भरवसा ख्रिस्तावर आहे की या पानावर?

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. तो प्रामाणिक असू शकतो, आणि तो घातकही ठरू शकतो. दोन्ही शक्यता मनात धरून पुढे चला.

चाळीस दिवसांच्या आधी

पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला तो एलीया आता ईजबेलच्या धमकीने पळतो आहे. चाकराला बैर-शेब्यात सोडून तो एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. मग झोपी जातो.

ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. ऊन, धूळ, आणि जगायची इच्छा संपलेला एक देवमाणूस.

देवदूत येतो. तो एलीयाच्या विश्वासाची झडती घेत नाही. कर्मेलवरच्या पराक्रमाची आठवण करून देऊन त्याला लाजवतही नाही. त्याला हात लावतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आहे, पाण्याचं भांडं आहे. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो: अजून खा, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब डोंगरापर्यंत जातो.

क्रम लक्षात घ्या. चाळीस दिवसांच्या आधी दोनदा झोप आहे, दोनदा जेवण आहे. ज्याचं शरीर आणि मन दोन्ही खचलेलं आहे, त्याला देव आधी आधार देतो आणि मग चालायला लावतो.

इथे थांबा. स्वतःला विचारा: माझ्या उशाशी देवाने काय ठेवलं आहे? उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी? इन्सुलिनचं पेन? फिट येऊ नये म्हणून रात्रीची गोळी? नैराश्यावरचं औषध? ते उचलून घेणं मला कमीपणाचं का वाटतं?

अंजिरांचा लेप

आता यशयाचा अडतिसावा अध्याय. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, प्रार्थना करतो. देव ती ऐकतो आणि त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. त्याच अध्यायाच्या शेवटी यशया सांगतो, अंजिरांचं पोटीस करून गळवावर लावा. प्रार्थना ऐकली गेली आणि लेपही लावला गेला. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही.

मार्कच्या पाचव्या अध्यायात रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेली स्त्री आहे. वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते खर्चलं. येशू तिला 'मुली' म्हणतो, शांतीने जायला सांगतो. वैद्यांकडे का गेलीस, असं विचारत नाही. पुढे याईराच्या घरी मेलेली बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते, तेव्हा एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर येशूची सूचना काय असते? तिला काहीतरी खायला द्या.

कॅथलिक बायबलात बेन सिराचं पुस्तक आहे. त्याचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो. औषधं देवानेच मातीतून निर्माण केली, शहाण्याने त्यांचा तिरस्कार करू नये, असं तो म्हणतो. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, हे दोन्ही तिथे शेजारी शेजारी येतं. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांत हाच तोल सांभाळला. वैद्यकीला शेतीसारखीच देवाची देणगी मानलं. सगळी आशा तिच्यावरच टाकायची नाही, आणि तिला झिडकारायचंही नाही. बासिल स्वतः कायम आजारी असत, आणि गावाबाहेर त्यांनी आजाऱ्यांसाठी व गरिबांसाठी मोठी वसाहत उभी केली होती. आपल्याकडे मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेही याच परंपरेतून.

मनरेसाचा धडा

उपास अंगलट कसा येतो हे ज्याने स्वतः भोगलं, अशा एका संताकडे वळू. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला यांच्या पायावर तोफेचा गोळा आदळला. पुढच्या वर्षी ते मनरेसाला राहिले. तिथे कडक उपास, रात्री रात्री जागरण. आपल्या पापांची क्षमा झालीच नाही, ही शंका मन कुरतडू लागली. देव शांती देईपर्यंत काही खायचं नाही, असं ठरवून ते आठवडाभर उपाशी राहिले. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपास मोडायची आज्ञा केली. त्यांनी ती पाळली.

तो उपास दिसायला धार्मिकच होता. आत मात्र देवाशी सौदा चालला होता, आणि स्वतःच्या जिवावरचा राग होता. त्या काळात बिघडलेल्या पोटाचा त्रास त्यांना आयुष्यभर झाला. म्हणूनच १५४८ मध्ये फ्रान्सिस बोर्जा यांना लिहिलेल्या पत्रात ते उपास-तप कमी करायला सांगतात. शरीरही देवाचंच आहे, त्याचा हिशेब द्यायचा आहे, ते बळकट राहिलं तर सेवा होईल.

स्वतःला विचारा: माझ्या उपासातून काय वाढतं? प्रेम, मोकळेपणा, दुसऱ्याची कीव? की चिडचिड, भीती, आणि 'मी केलं' ही फुशारकी? ज्यांचं जेवणाशी आणि वजनाशी जुनं वैर आहे, त्यांनी इथे जास्त वेळ थांबावं. उपासाच्या आडून शरीराला शिक्षा देणं चालू असेल, तर अशांनी तो उपास न करणं आणि कुणाशी तरी बोलणं हेच तप आहे.

चर्च काय मागतं

कॅथलिक चर्चमध्ये राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे बंधनाचे उपास आहेत, तेही अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडंसं. आजाऱ्यांवर हे बंधन नाही. ख्रिस्तप्रसादाआधीचा उपास एके काळी मध्यरात्रीपासून असे, पाण्याचा घोटही चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याला मोकळीक दिली, १९५७ मध्ये वेळ तीन तासांवर आली, १९६४ मध्ये एका तासावर. आज पाणी आणि औषध यांनी तो उपास मोडतच नाही. म्हातारे, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्या तासाचीही सवलत आहे. गोळी घेऊन मिस्साला आलेला माणूस कुठलाही नियम मोडून आलेला नसतो.

शरीराचे नियम मात्र कुणाला सवलत देत नाहीत. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं, तर घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. टाइप वन मधुमेहात जेवलं नाही तरी शरीराला इन्सुलिन लागतंच, ते थांबवलं तर जीव धोक्यात येतो. लिथियम घेणाऱ्याने दिवसभर पाणी टाळलं, तर रक्तात लिथियम साठून विषबाधा होऊ शकते. फिटचं औषध किंवा बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं घातक ठरतं. नैराश्यावरची गोळी अचानक सोडली तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं, आणि दबलेला आजार परत उसळू शकतो. यातलं काहीच देव अर्पण म्हणून मागत नाही.

आधार की आडोसा

आता अवघड भाग. गोळीवर विसंबणं नेहमीच निरोगी असतं का? नाही. म्हणून पुढचे प्रश्न एकेक करून, प्रत्येकानंतर एक लांब श्वास घेऊन, स्वतःला विचारा.

हे औषध मला ठरवून कुणी दिलं? डॉक्टरांनी तपासून, की शेजारणीने तिच्या पानातली एक देऊन? शेवटची चिठ्ठी कधीची आहे?

सांगितलं तेवढंच घेतो, की मनानेच एकाची दोन केली?

घरच्यांना माहीत आहे, की पान उशीच्या अभ्र्यात लपवलेलं आहे?

गोळी घेतल्यावर मी माणसांत येतो का? कामाला लागतो, मुलांशी बोलतो, प्रार्थनेला बसतो? की गोळी घेऊन सगळ्यांपासून दूर जातो?

दुखणं आहे म्हणून घेतो, की एखादं दुःख, एखादं भांडण, एखादा न फेडलेला अपराध आठवू नये म्हणून?

पहिल्या वाटेवर चालणाऱ्याला गोळी आधार देते, चष्म्यासारखी: डोळ्यांवर असली की तिच्याकडे लक्ष जात नाही, समोरचं दिसतं. ती जन्मभर घ्यावी लागली तरी त्यात गुलामी नाही. दुसऱ्या वाटेवर गोळी आडोसा बनते. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांचं, काही वेदनाशामकांचं तसं होतं. आणि एक तिसरी गोष्ट या दोन्हींपासून वेगळी ओळखायला हवी: काही औषधांची शरीराला सवय लागते, ती हळूहळूच कमी करावी लागतात. एवढ्यावरून कुणी व्यसनी ठरत नाही.

उत्तरं ऐकून मन चरकलं असेल, तर घाबरू नका आणि एका झटक्यात गोळ्या फेकूही नका. अल्प्राझोलामसारखी गोळी बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. इथे पराक्रम नको, कबुली हवी. डॉक्टरांसमोर खरा आकडा सांगायचा: एवढ्या घेतो, इतक्या वर्षांपासून. त्या एका वाक्याला उपाशी राहण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

मग काय सोडायचं?

उपासात आपण जे सोडतो ते आपल्या हक्काचं आणि सोडण्याजोगं असावं. औषध त्यात बसत नाही. ज्याला जेवण सोडता येत नाही त्याने जिभेवरचा तिखट शब्द सोडावा, रात्रीचा मोबाइल सोडावा, दुसऱ्याच्या आजारावर निवाडा देणं सोडावं. आणि 'मला कुणाची गरज नाही' हा हट्ट सोडावा. तोच बहुतेकांना सर्वांत जड जातो. रोजची भाकर मागायला शिकवणाऱ्या प्रभूने आपल्याला विसंबून राहायलाच शिकवलं आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला उपास तर भुकेल्याला आपल्यातलं देण्याचा आणि अडलेल्याला मोकळं करण्याचा आहे. तो उपास इन्सुलिन घेणाऱ्यालाही पूर्ण पाळता येतो.

आता डोळे मिटा आणि हळू म्हणा:

प्रभू, हे शरीर तुझं आहे. याला जे लागतं ते घेताना मला लाज वाटू देऊ नकोस. जे लागत नाही ते धरून बसलो असेन, तर सांगायला तोंड दे, ऐकून घेणारा माणूस दे. गोळी घेताना तुझी आठवण राहू दे. आमेन.

डोळे उघडा. आज दोन कामं करा. आपल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहा आणि राखेच्या बुधवारआधी डॉक्टरांना दाखवून विचारा, मी उपास करू का, आणि कसा. दुसरं, या चाळीस दिवसांत चहा-नाश्त्यावरचे जे पैसे वाचतील त्यातून आपल्या धर्मग्रामातल्या, मंडळीतल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाची महिन्याची औषधं आणून द्या. पैशांअभावी गोळ्या एक दिवसाआड घेणारं कुणीतरी तिथे नक्की असतं.