परक्याच्या मयताला

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी देतो. कबरी साफ होतात, त्यांना चुना लागतो, फुले येतात. आपल्या माणसांसाठी आपण मिस्सा सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण जो आपला कोणीच नव्हता, त्याच्यासाठी रडता येते का? आणि रडू आलेच, तर ते खरे की सोंग?

हा प्रश्न आमच्या डोक्यात बसला तो एका नृत्यनाट्यामुळे. आपल्या एका तरुणाने त्याचे काही भाग आम्हाला संगणकावर दाखवले. नाव आहे ‘सायन: रेक्विएम ऑफ रावेल्स बोलेरो’. (आपल्या रेल्वेच्या सायनशी त्याचा काही संबंध नाही!) दक्षिण आफ्रिकेचे नर्तक ग्रेगरी माकोमा यांनी २०१७ साली ते बसवले. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची मिस्सा, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. माकोमांच्या संस्थेचे नाव वुयानी. खोसा भाषेत त्याचा अर्थ ‘आनंद करा’ असा होतो. आनंद करा म्हणणारी मंडळी रंगमंचावर क्रूस रोवून दफनभूमी उभी करतात आणि तिथे नाचतात. नाचतात म्हणजे आपल्या लग्नातल्यासारखे नव्हे. पाय आपटतात, कोसळतात, हुंदके देतात.

या नाट्याचे मूळ झेक्स म्डा यांच्या कादंबऱ्यांत आहे. त्यांचे पूर्ण नाव झानेम्वुला किझितो म्डा. युगांडाच्या हुतात्म्यांतला सर्वांत लहान मुलगा संत किझितो आपल्याला ठाऊक आहे, त्याचेच हे नाव. १९९५ सालच्या ‘वेज ऑफ डाइंग’ या कादंबरीत त्यांनी टोलोकी नावाचा माणूस निर्माण केला. टोलोकीचा धंदा रडण्याचा. रोज कोणाच्या तरी मयताला जायचे आणि अनोळखी माणसासाठी शोक करायचा. वर्णद्वेषी राजवट संपण्याच्या त्या काळात मयतांना तोटा नव्हता. २००७ सालच्या ‘सायन’ कादंबरीत हाच टोलोकी अमेरिकेतल्या ओहायोत जातो आणि पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांमध्ये राहतो.

पहिल्या कादंबरीची सुरुवात नाताळच्या दिवशी होते, एका मुलाच्या दफनाने. मुलगा पाच वर्षांचा. वस्तीतले लोक आणि वसतिगृहांत राहणारे परगावचे मजूर यांच्यात रक्तपात चालू असतो. खाऊच्या मोबदल्यात या पोराने मजुरांना वस्तीची बातमी दिली, असा आरोप होतो आणि त्याला जिवंत जाळतात. जाळणारे कोण? गोरे पोलीस नव्हेत, मजूरही नव्हेत. वस्तीच्याच बाजूने लढणारे तरुण. ही गोष्ट उघड बोलली जाऊ नये असे पुढाऱ्यांना वाटते. दफनाच्या वेळी मात्र ती बोलली जाते.

ही कादंबरी कोणी एक माणूस सांगत नाही. सारी वस्तीच ‘वुई’ म्हणून सांगते. इंग्रजीत एकाच शब्दाने काम भागते. मराठीत तो शब्द आणताना थांबावे लागते. ‘आम्ही’ म्हणायचे की ‘आपण’? ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर उभा राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. त्या मुलाला मारणारे ‘आमचे’ होते असे म्हटले, तर वाचणारा सुटला. ‘आपले’ म्हटले, की तोही दफनभूमीत येऊन उभा राहिला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत अगस्तीनचा एक आक्षेप आम्हाला फार पटला होता. तरुणपणी आफ्रिकेतल्याच कार्थेज शहरात ते नाटके पाहून रडत. पुढे त्यांनी स्वतःलाच विचारले, ही कसली दया? रंगमंचावरच्या दुःखिताला मदत करायची नसते, नुसते रडायचे असते, आणि त्या रडण्याची गोडी लागते. आक्षेप आजही खोटा नाही. तिकीट काढून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी जाऊन भावाशी बोलेलच असे नाही. नृत्याने समाजाच्या जखमा भरतात असे सरसकट म्हटले जाते, ते आम्हाला तितकेसे मान्य नाही.

तरीही माकोमांच्या नृत्यात एक गोष्ट अशी आहे, की तिच्यापुढे हा आक्षेप अपुरा पडतो. रावेल यांनी १९२८ साली ‘बोलेरो’ हे संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिले. इथे वाद्यवृंद नाही. मोजके गायक ते नुसत्या गळ्यांतून गातात, इसिकाथामिया नावाच्या शैलीत. ही शैली झुलू मजुरांची, आणि ती वाढली मजुरांच्या वसतिगृहांत. म्हणजे ज्यांना बातमी दिली म्हणून ते पोर मारले गेले, त्या मजुरांच्या गाण्याने इथे मृतांचा शोक चालतो. माकोमा स्वतः १९७३ साली सोवेटोच्या वस्तीत जन्मले, आणि लहानपणी नाच पाहिला तो घराजवळच्या वसतिगृहातल्या मजुरांचा. इथे वस्तीचा मुलगा नाचतो आणि वसतिगृहाचे गाणे त्याला साथ देते. अगस्तीनचा प्रेक्षक खुर्चीत बसून राहतो. या लोकांना मात्र एकमेकांचा सूर धरावाच लागतो.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या १९९६ साली सुरू झाल्या, तेव्हा अध्यक्ष आर्चबिशप टूटू एका साक्षीच्या वेळी टेबलावर डोके टेकून रडले. आयोग साक्ष घेऊ शकत होता, पूर्ण कबुली देणाऱ्याला माफीही देऊ शकत होता. पण शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या मयताला जायला कोणताही आयोग लावू शकत नाही.

हे सारे लिहायचे कारण दूरचे नाही. या पावसाळ्यात आपल्या चर्चमध्ये एक दफनविधी झाला. नाव सांगत नाही, तुम्हा सर्वांना ते ठाऊक आहे. मयताची घंटा नेहमीप्रमाणे वाजली आणि दफनभूमीत मोजून सात माणसे आली, त्यांत दोघे कबर खणणारे. त्या गृहस्थांनी वर्षांपूर्वी जमिनीच्या दाव्यात गावाविरुद्ध साक्ष दिली होती. साक्ष खरी होती की खोटी, यात आम्ही शिरत नाही. आमचेही चुकले. पाऊस होता, माणसे नव्हती, म्हणून आम्ही तीन मिनिटांत प्रवचन उरकले. एरवी आम्ही पंधरा मिनिटे बोलतो, हे तुम्ही आम्हाला वारंवार सांगतच असता. लाजराची कबर काही क्षणांत उघडणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू आधी रडला, आणि आम्हाला छत्री मिटायची घाई होती.

त्यांच्यासाठी आजवर कोणी मिस्सा सांगितलेली नाही. येत्या शुक्रवारी सकाळी साडेसहाची मिस्सा आम्ही त्यांच्यासाठी ठेवली आहे. मिस्सेनंतर कबरीवर प्रार्थना होईल. कबर मागच्या भिंतीलगत आहे, अजून क्रूस लागलेला नाही, वाट ओली आहे. कोयर येणार नाही. गाणे आपणच म्हणू.